माणसांची खांदेमळण



पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी माझ्या वडिलांच्या हातात तूप-हळदीची वाटी असायची. बैलाच्या मानेवर जू बसतं तिथली कातडी वर्षभर घासून राठ झालेली असते. वडील आधी तिथे गरम पाण्याचा शेक द्यायचे, मग तूप-हळद घेऊन अंगठ्याने आणि तळहाताने ती जागा सावकाश मळायचे. बैल डोळे अर्धवट मिटून, मान सैल सोडून उभा राहायचा. याला कुठे खांदेमळण म्हणतात, कुठे खांदशेकणी. 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या,' असं बैलाच्या कानात सांगायची रीतही याच दिवसाची.

त्या वेळी आई चुलीपाशी असायची. दिवसभर कपाशी निंदून आलेली. तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नसे. वेणी घालताना ती हात डोक्याकडे नेत नव्हती, डोकं हाताकडे नेत होती. काय होतंय असं विचारलं तर एकच उत्तर यायचं, "काही नही, आंग दुखस." तिच्या खांद्याला कधी कुणी तेल चोळल्याचं मला आठवत नाही. आणि तेव्हा मला त्यात काही वावगंही वाटलं नाही, हे आज जास्त लागतं.

पुढे मी फिजिओथेरपी शिकले. धुळ्यात आणि जळगावात मिळून अठ्ठावीस वर्षं मी दुखऱ्या अंगांवर हात ठेवते आहे. मला दिलेला विषय आहे 'नियमित मालिश आणि आरोग्य'. यातल्या 'मालिश' या शब्दाबद्दल आपल्याला बरंच ठाऊक असतं. मला बोलायचं आहे ते 'नियमित' या शब्दाबद्दल. आपल्या खानदेशात तेलाचा हात चौघांनाच मिळतो: तान्ह्या बाळाला, बाळंतिणीला, तालमीतल्या पैलवानाला आणि बैलाला. बाकीच्यांना दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला एकदा. बाळपणाचं तेल संपलं की पुढची पन्नास-साठ वर्षं, म्हणजे शरीर सगळ्यात जास्त राबतं ती वर्षं, त्याला कुणी हात लावत नाही.

आपल्या भाषेकडे बघा. चोळणं, चेपणं, दाबणं, रगडणं, मळणं, थोपटणं, तुडवणं, आणि शेवटी तेल जिरवणं. हे एकाच क्रियेचे आठ समानार्थी शब्द नव्हेत. चोळताना तळहात कातडीवरून सरकतो. मळताना कणकेसारखा स्नायू धरून सोडावा लागतो. चेपताना हात सरकतच नाही, फक्त दाब येतो आणि जातो. तुडवायला तर लहान पोराला पाठीवर उभं करायचं आणि आजोबांनी खालून सांगायचं, जरा खाली, हां, तिथेच. एकोणिसाव्या शतकात ॲमस्टरडॅमचे डॉक्टर योहान मेझगर यांनी मालिशीच्या हातांची शास्त्रशुद्ध मांडणी केली. त्या हातांची फ्रेंच नावं आम्हाला परीक्षेसाठी पाठ करावी लागायची: एफ्ल्युराज, पेट्रिसाज, टॅपोटमाँ. चोळणं, मळणं, थोपटणं. हे शब्द माझ्या आजीच्या तोंडात रोज होते, हे पाठ करताना माझ्या लक्षातच आलं नव्हतं. इंग्रजीतला 'शाम्पू'सुद्धा आपल्या चंपीच्याच घरचा. पाटण्याला जन्मलेल्या शेख दीन महंमद यांनी दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये ब्रायटनच्या किनाऱ्यावर वाफेचं स्नान आणि चंपी सुरू केली. इंग्लंडच्या राजापर्यंत ती गेली, आणि मग शब्द हातावरून घसरून साबणाच्या बाटलीवर जाऊन बसला.

आयुर्वेदाने हा हात दिनचर्येतच घातला. वाग्भटांच्या अष्टांगहृदयात अभ्यंग आहे तो रोगावरच्या उपचारांत नव्हे, दात घासणं, व्यायाम, आंघोळ यांच्या रांगेत. रोज करा, आणि रोज सगळं अंग जमलं नाही तर डोकं, कान आणि तळपाय यांच्याकडे विशेष लक्ष द्या, असा त्याचा आशय. चरकांनी दाखले दिले ते तेल मुरलेल्या घड्याचे, तेल चोळलेल्या कातड्याचे आणि वंगण घातलेल्या गाडीच्या आसाचे. बैलगाडी हाकलेल्या माणसाला यावर आणखी स्पष्टीकरण लागत नाही. चाक कुरकुरायला लागल्यावर वंगण शोधणारा गाडीवान कच्चा, हे त्याला माहीत असतं.

आता बाळाकडे येते, कारण आपली परंपरा आणि आजचं विज्ञान इथे सगळ्यात जवळ येतात.

सकाळी मालिशवाली बाई येते. पाटावर बसते, पाय लांब करते, नडग्यांवर बाळ पालथं घेते. तेल कोमट. पाठीवरून हात खाली येतो, पायाच्या अंगठ्यापर्यंत जातो. बाळ आधी रडतं, मग कुरकुरतं, मग आंघोळ झाली की तीन तास झोपतं. १९८६ साली अमेरिकेत टिफनी फील्ड या संशोधिकेने अपुऱ्या दिवसांच्या बाळांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्या काळी अशा नाजूक बाळांना शक्यतो हातच लावू नये असं मानत. फील्ड यांनी काही बाळांना दिवसातून तीनदा, प्रत्येक वेळी १५ मिनिटं, असं १० दिवस मालिश आणि हातापायांची हालचाल दिली. दूध सगळ्या बाळांना सारखंच. मालिश मिळालेल्या बाळांचं रोजचं वजन इतरांपेक्षा ४७ टक्क्यांनी जास्त वाढलं आणि ती सरासरी सहा दिवस आधी घरी गेली. फील्ड यांची स्वतःची मुलगी अपुऱ्या दिवसांची होती. पुढे १९९२ मध्ये त्यांनी मायामीला फक्त स्पर्शाचा अभ्यास करणारी संस्था काढली. दूध तेवढंच आणि वजन जास्त, हे कसं? मालिशीच्या दाबाने व्हेगस नावाची मोठी नस जागी होते, पोटाची हालचाल सुधारते, आणि पोटात गेलेलं अंगी लागतं, असं त्यांच्या पुढच्या कामातून दिसलं. अंगी लागणं हा शब्द आपल्या आज्यांनी किती नेमका वापरला आहे!

आपल्याकडेही काम झालं. मुंबईच्या सायन रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २००५ मध्ये खोबरेल आणि खनिज तेल यांची तुलना केली. बाजारातली बरीच 'बेबी ऑइल' खनिज तेलाची असतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं वजन खोबरेल तेलाने जास्त वेगाने वाढलं. दिल्लीत त्याआधी, २००० साली, पूर्ण दिवसांच्या १२५ बाळांवर वेगवेगळी तेलं वापरून पाहिली होती. त्यात तिळाचं तेल सरस ठरलं, आणि मालिशीनंतर बाळं चांगली झोपली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या प्रसूतीनंतरच्या मार्गदर्शनात निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळाला सर्वांगाची हलकी मालिश द्यायला हरकत नाही, वाढीला तिचा फायदा होऊ शकतो, असं म्हटलं आहे.

पण या शास्त्राचा आधार घेऊन सगळंच चालवून घेऊ नका. बाळाच्या नाकात आणि कानात तेल सोडायचं नाही. नाक सरळ व्हावं म्हणून ओढायचं नाही. नवजात बाळाची छाती पिळून दूध काढायचं नाही. त्या सुजेला आईच्या शरीरातली संप्रेरकं कारण असतात, ती आपोआप उतरते, पिळली तर गळू होतं. पाय धरून उलटं टांगायचं नाही. आंघोळीनंतर शेगडीच्या धुरात धरायचं नाही. ताई, वहिनी, आजी, या गोष्टी मालिशवालीला सांगायच्या, पण मानाने सांगायच्या. तिच्या हातात जे आहे ते मला चार वर्षांच्या पदवीत कुणी शिकवलं नाही. एक साडी आणि थोडे पैसे यांवर आपण तिची बोळवण करतो, तिची पुढची पिढी या कामाला नको म्हणते, आणि मग तिच्या जागी मोबाइलवरचा व्हिडिओ येतो.

हाताने नेमकं काय होतं? आपल्या केसाळ कातडीत काही बारीक, मंद नसा आहेत. ओरखडा, चटका, टोचणं यांची पहिली बातमी जलद नसा आणतात. या मंद नसा मात्र हळू, मऊ, कातडीच्या उबेच्या स्पर्शालाच सगळ्यात चांगला प्रतिसाद देतात. सेकंदाला साधारण एक ते दहा सेंटिमीटर हा त्यांना भावणारा स्पर्शाचा वेग. आई बाळाला थोपटून झाल्यावर पाठीवरून हात फिरवते, तोच हा वेग. स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी माणसांतल्या या नसांचा बारकाईने अभ्यास केला. स्पर्श आणि उष्णता शरीराला कशी कळते याचे रेणू शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं. म्हणजे हात फिरवल्यावर बरं वाटतं ही मनाची समजूत नाही, त्यासाठी शरीरात वेगळी वाट आखलेली आहे. म्हणून घाईने रगडून उठणाऱ्याला मी सांगते, निम्मी जागा करा, पण सावकाश करा.

आता मोठ्यांकडे. जळगावच्या डाळमिलांत गोणी उचलणारा हमाल, रावेर-यावलला वीस-पंचवीस किलोचा केळीचा घड खांद्यावर घेऊन बांधापर्यंत चालणारा मजूर, धुळ्यात मागावर बारा तास उभा राहणारा कामगार, आणि कापूस वेचणारी बाई. या बाईच्या कंबरेचं दुखणं मी सगळ्यात जास्त पाहिलं. बोंडं कधी गुडघ्याइतकी, कधी छातीइतकी उंच, कमरेला ओटी बांधलेली, आणि ती ओटी जसजशी भरते तसतशी कंबर पुढे ओढली जाते. दिवाळी उलटली की अशा बायका रांगेने येतात. सुरुवातीच्या वर्षांत मी त्यांना मशीनवर टाकायचे. डायथर्मी दहा मिनिटं, करंट दहा मिनिटं, चला पुढची. एकदा साक्री तालुक्यातल्या एका आजीने जाताना माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, बेटा, यंत्र चांगलं आहे, पण या हाताने एकदा दाबून दे ना. मी दहा मिनिटं तिची कंबर चेपली. तिला रडू आलं. दुखलं का, असं मी विचारलं. ती म्हणाली, नाही, आई गेल्यापासून कुणी हात लावला नव्हता.

त्या आजीसाठी मी पुढे वाचत गेले. २००४ मध्ये अमेरिकेत मालिशीच्या ३७ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. एका मालिशीने त्या वेळेपुरती काळजी, नाडीचा वेग आणि रक्तदाब उतरतो. पण पुन्हा पुन्हा मालिश मिळाली की माणसाच्या स्वभावात मुरलेली चिंता आणि खिन्नता कमी होते, आणि तो परिणाम मानसोपचाराइतका मोठा दिसला. कंबरदुखीचं तर आणखी स्पष्ट आहे. सिएटल इथे २०११ मध्ये जुनाट कंबरदुखीच्या ४०१ रुग्णांवर अभ्यास झाला. एका गटाला दर आठवड्याला नुसती आराम देणारी मालिश, दुसऱ्याला दुखणारे स्नायू नेमके शोधून केलेली, तिसऱ्याला नेहमीचे उपचार. दहा आठवड्यांनी दोन्ही मालिशींचे गट पुढे होते, आणि दोघांत फारसा फरक नव्हता. दोन्ही गटांचे हात प्रशिक्षितच होते, पण साध्या, सर्वांगाच्या मालिशीने तेवढंच काम केलं. घरातल्या हाताला धीर देणारी ही गोष्ट आहे. वर्षाअखेर मात्र दोन्ही गटांचा फायदा बराच ओसरला होता; मालिश दहाव्या आठवड्यात थांबली होती.

मानदुखीच्या २२८ रुग्णांवर २०१४ मध्ये निरनिराळी मात्रा तपासली. आठवड्यातून अर्धा-अर्धा तास दिलेल्या मालिशीने फार काही झालं नाही. एक तासाची, आठवड्यातून दोन-तीनदा दिलेली उपयोगी पडली. औषधाची मात्रा आपण विचारतो, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा. मालिशीची मात्रा कुणी विचारत नाही. दुखणं टोकाला गेलं की एकदा जायचं, जोरात रगडून घ्यायचं, दुसऱ्या दिवशी अंग ठणकतं तेव्हा म्हणायचं, चांगला हात बसला. स्नायूचा तो चेंदामेंदा असतो. जोर म्हणजे गुण नव्हे.

आणखी एक समजूत दुरुस्त करायची आहे, कारण तालमीतली पोरं इथे बसली आहेत. जळगाव जिल्ह्यातल्या, चाळीसगावजवळच्या सायगावच्या विजय चौधरींनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षं महाराष्ट्र केसरीची गदा आणली, तेव्हापासून आपल्याकडच्या तालमींत गर्दी वाढली हे मी डोळ्यांनी पाहते. मेहनतीनंतर मालिश केल्याने अंगातलं लॅक्टिक ॲसिड निघून जातं, असं वस्ताद सांगतात. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात २०१२ मध्ये दमवलेल्या मांडीच्या स्नायूचे बारीक तुकडे काढून तपासले. मालिश केलेल्या पायात लॅक्टेट कमी झालं नव्हतं. पण सुजेचे संकेत शांत झाले होते आणि पेशींना ऊर्जा देणारे घटक वाढवण्याची तयारी सुरू झाली होती. वस्तादांचा हात बरोबर होता, कारण चुकीचं होतं. तालमीतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. तिथे पठ्ठे एकमेकांना मालिश करतात. आज मी तुझी, उद्या तू माझी. त्यासाठी कुणी बाहेरून येत नाही आणि त्यात कुणाला कमीपणाही वाटत नाही. ही रीत तालमीच्या उंबऱ्याच्या आत का अडली, हे मला कळत नाही.

तेलाबद्दल मला नेहमी विचारतात. थंडीत, धुळ्याच्या कोरड्या गारठ्यात, टाचा फुटतात तेव्हा तिळाचं. वैशाखात, पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा खोबरेल. सातपुड्याकडच्या आपल्या आदिवासी बांधवांकडे मोहाच्या बियांचं तेल असतं, तेही चांगलं. महागडं सुगंधी तेल घ्यायची गरज नाही, हाताचं मोल जास्त आहे. काशाच्या वाटीने तळपाय घासायची रीत आपल्या उन्हाळ्याची खास. वाटी काळी पडली की अंगातली उष्णता निघाली, असं सांगतात. ती काळी पडते कारण काशात तांबं असतं आणि तेला-घामातल्या आम्लाशी त्याची प्रक्रिया होते. वाटीचा गुण वेगळा आहे: गोल, गुळगुळीत, जड तळ तळव्यावर सारखा दाब देतो, आणि दिवसभर उन्हात भाजलेल्या माणसाला झोप लागते. झोप लागणं थोडं आहे का?

जिथे हात थांबला पाहिजे तेही सांगते. ताप असताना मालिश नको. एका पायाची पोटरी अचानक सुजली, गरम झाली, दुखते आहे, तर त्या पायाला हात लावायचा नाही, आधी डॉक्टर. आत रक्ताची गुठळी असली तर रगडल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर जोर नको. गाठ लागली तर चोळायची नाही, दाखवायची. सिझेरियनच्या टाक्यांवर घाव भरेपर्यंत दाब नको. मधुमेहात पायाची जाणीव कमी झालेली असू शकते, म्हणून तिथे गरम शेक स्वतःच्या मनगटावर तपासल्याशिवाय देऊ नका. आणि म्हाताऱ्या माणसांचे तळपाय तेलाने चोळले की त्यांना तसंच फरशीवरून मोरीकडे जाऊ देऊ नका. माझ्या एका नातेवाइकांचं खुब्याचं हाड असंच मोडलं. मालिश उत्तम झाली होती, पुसायचं राहून गेलं होतं.

मालिशीने चरबी वितळत नाही, सरकलेली गादी जागेवर येत नाही, शरीरातलं 'विष' बाहेर पडत नाही. असं छापील आश्वासन देणाऱ्या एका केंद्रातून माझ्याकडे आलेल्या बाईला तिथे तीन महिने रगडून घेतल्यावर पायातली ताकद गेली होती. पाय लुळा पडणं, लघवीवर ताबा न राहणं ही दुखण्याची वेगळी भाषा आहे, तिथे दवाखान्याचाच रस्ता धरायचा. व्यायामाची जागाही मालिश घेत नाही. चालायला हवं, पाठीचे स्नायू घट्ट करायला हवेत, मालिश त्या कामाला शरीर तयार करते.

तर घरी कसं करायचं. आठवड्यातले दोन वार ठरवा, मंगळवार आणि शनिवार म्हणा. जेवणाआधी किंवा जेवून दोन तासांनी. तेल कोमट, खाली जुनं धोतर किंवा लुगडं. खांदे आणि मान दहा मिनिटं, कंबर दहा मिनिटं, पोटऱ्या आणि तळपाय दहा मिनिटं. अभ्यासातला एक तास घरी जमत नाही, हे मला ठाऊक आहे. अर्ध्या तासाने सुरुवात करा, वार मात्र चुकवू नका. मणक्याच्या हाडावर दाब नको, त्याच्या दोन्ही बाजूंना. ज्याला मालिश मिळते त्यानेच सांगायचं, इथे, जरा हळू, हां. आणि पुढच्या वारी हात बदलायचे. नवऱ्याने बायकोच्या खांद्याला, सुनेने सासूच्या पायाला आणि सासूने सुनेच्या कंबरेला. हे शेवटचं म्हटल्यावर समोरच्या रांगेत हसू आलं, पण मी ते मनापासून सांगते आहे. दिवाळीच्या पाडव्याला बायको नवऱ्याला तेल लावते. त्याच दिवशी त्याने तिच्या हातातून वाटी घेतली तर कुठल्या शास्त्राला बाधा येते?

आई आता ब्याऐंशी वर्षांची आहे. तिचा खांदा मी बरा करू शकले नाही, फार उशीर झाला होता. पण रविवारी मी गावी जाते तेव्हा तिळाचं तेल कोमट करून तो अर्धा तास मळते. तेवढ्या वेळात ती मला निंदणीच्या, विहिरीच्या, तिच्या आईच्या गोष्टी सांगते. एरवी त्या सांगत नाही.

मी येताना तेलाची वाटी आणि चटई आणली आहे. आभार झाले की ज्यांना हात कसा ठेवायचा ते पाहायचं आहे त्यांनी पुढे यावं. पुरुष मंडळींनी आधी यावं.